पीएचडीचा मार्गदर्शक निवडताना: स्कोपस, गुगल स्कॉलर की प्रत्यक्ष लेखन?

पुण्यात राज्यशास्त्रात पीएचडी करायचं ठरवलेली मुलं मार्गदर्शकाचं नाव कळलं की आधी त्यांचा एच-इंडेक्स, म्हणजे लेखांना मिळालेल्या संदर्भांवरून काढलेला आकडा, शोधतात. आकडा जरूर बघा, पण तो काय मोजतो हे समजून घेतल्याशिवाय आयुष्याची चार-पाच वर्षं त्याच्या भरवशावर लावू नका.

हा इंडेक्स भौतिकशास्त्रज्ञ होर्हे हर्श यांनी २००५ साली सुचवला. दहा लेखांना प्रत्येकी किमान दहा सायटेशन (इतर अभ्यासकांनी त्या लेखाचा दिलेला संदर्भ) असतील, तर इंडेक्स दहा. राज्यशास्त्रज्ञ रजनी कोठारींचा काँग्रेस व्यवस्थेवरचा १९६४ चा लेख भारतीय पक्षपद्धतीच्या अभ्यासात आजही टाळता येत नाही. या मोजणीत मात्र त्याची किंमत एका लेखाएवढीच.

हा इंडेक्स मुख्यतः दोन ठिकाणी बघतात. त्यातलं स्कोपस हे संशोधनाच्या नोंदींचं ऑनलाइन कोठार निवडक नियतकालिकं आणि काही पुस्तकंच मोजतं. त्यामुळे आकडा त्यातल्या त्यात स्वच्छ, पण राज्यशास्त्रासाठी अपुरा. आपल्याकडचं कितीतरी महत्त्वाचं काम पुस्तकांत, संपादित ग्रंथांतल्या प्रकरणांत आणि मराठी नियतकालिकांत आहे. गुगल स्कॉलर हे गुगलचं संशोधन शोधायचं साधन पुस्तकं, प्रबंध, अहवाल असं बरंच काही धरतं, म्हणून तिथला आकडा बहुधा मोठा दिसतो. पण एकच लेख दोनदा येतो, नामसाधर्म्यामुळे दुसऱ्याचं काम मिसळतं, आणि प्रोफाइल न काढलेल्या ज्येष्ठांचा इंडेक्स तिथे आयता मिळतच नाही. परदेशी विद्यापीठात अर्ज करायचा असेल तर स्कोपसकडे लक्ष द्या. विषयाचा नकाशा हवा असेल तर स्कॉलर उजवं.

दोन्ही कुठे तोकडी पडतात, हे राज्यशास्त्रज्ञ सुहास पळशीकरांच्या कामावरून कळतं. पुणे विद्यापीठात त्यांनी दीर्घकाळ शिकवलं, निवडणुकांचा अभ्यास करणाऱ्या ‘लोकनीती’चं सहसंचालकपद सांभाळलं, २०१३ मध्ये सुरू झालेल्या ‘स्टडीज इन इंडियन पॉलिटिक्स’ या नियतकालिकाचं संपादन केलं. राजेंद्र व्होरांबरोबर त्यांनी लिहिलेलं ‘महाराष्ट्रातील सत्तांतर’ १९९६ सालचं. १९९५ ला शिवसेना-भाजप युतीची सत्ता आली, ती का आली हे मराठीत मांडणारं हे पुस्तक या विषयाच्या अभ्यासकाने वाचायलाच हवं. मराठीतल्या अशा कामाची सायटेशन किती नोंदली जाणार? योगेंद्र यादव आणि पळशीकर एनसीईआरटीच्या राज्यशास्त्राच्या शालेय पुस्तकांचे मुख्य सल्लागार होते. २००६ पासून आलेली ती पुस्तकं सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांमध्ये स्पर्धा परीक्षेची मुलं घोकत आली. इतक्या मुलांची राजकारणाकडे बघण्याची नजर घडवणं हा माझ्या लेखी मोठा प्रभाव आहे, आणि कुठल्याही इंडेक्समध्ये त्याला जागा नाही.

म्हणून माझं झुकतं माप वाचनाला. त्यात वेळ जातो, हे खरं. पण मार्गदर्शकाचा एक जुना आणि एक ताजा लेख शेजारी ठेवून वाचा: प्रश्न बदललेत का, नवी माहिती आली की मत बदलतं का, पुरावा कुठून आणलाय. ज्यांचं मुख्य काम मराठीत आहे त्यांच्यासाठी पुणे विद्यापीठाच्या जयकर ग्रंथालयात किंवा गोखले इन्स्टिट्यूटच्या ग्रंथालयात जाऊन बसावं.

त्याहून महत्त्वाचे विद्यार्थ्यांचे प्रबंध. भारतीय विद्यापीठांतल्या प्रबंधांच्या ‘शोधगंगा’ या संकेतस्थळावर ते मार्गदर्शकाच्या नावाने शोधता येतात. तीन-चार प्रबंधांची संशोधन पद्धतीवरची प्रकरणं वाचा. सगळ्यांचा साचा एकच असेल, तर इंडेक्स कितीही असो, दुसरं नाव बघा. प्रत्येकाचा प्रश्न वेगळा आणि क्षेत्रकार्य खरं वाटत असेल, तर त्यांच्याकडे अर्ज करा.