पन्नीतला कीस आणि माझे 70,500 रुपये

हसायचं असेल तर आधीच हसून घ्या. घरचे हसून झाले, जिनिंगवरचे (कापसातून सरकी काढतात तिथले, माझ्या कामावरचे) हसून झाले. गिअरबॉक्स गेला सांगून एका गॅरेजवाल्यानं मला फसवलं. मी लिहून राहिलो ते एवढ्यासाठी, की त्या नागपूर-जाम रोडनं तुमच्यातले पुष्कळ जण जातात.

गाडी ऑटोमॅटिक, सेकंडहँड. "खेड्यात कायले पायजे ऑटोमॅटिक?" हे कृपा करून मला ऐकवू नका. डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, क्लच दाबवत नाही.

27 मे. नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले सगळ्यात तापते नऊ दिवस, सुरू. आईला नागपूरला डॉक्टरला दाखवून परत येत होतो. जाम चौरस्ता मागं टाकला आणि गिअरबॉक्स तापल्याचा दिवा लागला. मग गाडी एकाच गिअरला धरून बसली. कितीही दाबा, आवाज वाढे पण वेग नाही. निंबाखाली पाऊण तास थांबलो, परत सुरू केली तर एकदम नीट! तिथंच कळायला पाहिजे होतं. आतून मोडलेला गिअरबॉक्स सावलीत बसून बरा होत नसतो. पण सात-आठ किलोमीटरवर दिवा पुन्हा, आणि मागून क्रेनवाला हजर. मी बोलावला नव्हता. 4,200 घेऊन त्यानं 'ओळखीच्या' गॅरेजवर नेऊन टाकलं. त्याचं कमिशन किती, ते तुम्हीच समजून घ्या.

मिस्त्री बोलायला गोड. आईला कूलरसमोर खुर्ची, थंड पाणी. "भाऊ, खोलून पाहा लागते." खोलायचे 2,500. "तुम्ही तंवर चहा घेऊन या." चहा घेऊन आलो तर घमेल्यात काळं ऑइल आणि त्यात चकाकणारा लोखंडाचा कीस. "अंदरून पुरा गेला, भाऊ. रस्त्यात जाम नाही झाला, देव पावला समजा."

मी वाकून गाडीखाली पाहिलं. ऑइल काढायचा नट माझ्या तोंडासमोर होता. त्याच्यावर काळी माती वाळून बसलेली आणि मातीत रुईचा एक पुंजका. पाना लागला असता तर माती झडली असती, नटाच्या कडा चमकल्या असत्या, एखादा थेंब तरी लोंबत असता. नट ठणठणीत कोरडा. मी हे माझ्या डोळ्यांनी पाहिलं. आणि मनात काय आलं? आपल्या जिनिंगची रुई कुठंकुठं घुसते पाहा! कापसाच्या काट्यावर बसतो मी, क्विंटलमागं किलो मारणारा माणूस चालण्यावरून ओळखतो, आणि समोरचा नट मला दिसून दिसला नाही.

कीसही गुंडाळलेला होता, स्प्रिंगसारखा. गिअरबॉक्स झिजला की राखेसारखा बारीक लगदा आतल्या चुंबकाला धरतो, आणि तसा थोडा लगदा चांगल्या गिअरबॉक्समध्येही निघतो. गुंडाळ्या निघतात त्या लेथवर. पण हे मला नंतर कळलं. 45 डिग्रीत आईचा बीपी वाढलेला असताना तुम्हाला कळलं असतं तर तुमचं कौतुक आहे.

अ‍ॅडव्हान्स 25,000. पाचव्या दिवशी 'क्लच प्लेटा आणि सोलेनॉइड' म्हणून 31,000. अकराव्या दिवशी मजुरी 7,800. सगळे त्याच्या पोराच्या नंबरवर फोनवरून टाकले. बियाण्या-खताचे पैसे होते ते. पक्कं बिल मागितलं तर म्हणे, "जीएसटी लावू का? वाढून जाईन." मी म्हटलं, राहू द्या. (राहू द्या म्हणू नका. ते 18 टक्के वाचवायला गेलो आणि पुढं सगळीकडे तोंडावर पडलो.) जुने पार्ट मागितले तर तो कीस पन्नीत बांधून दिला, "प्रूफ ठेवा" म्हणून.

38 किलोमीटरवर तोच दिवा. फोन केला तर, "ऊन आहे न, भाऊ." त्यानंतर फोनच उचलला नाही.

आमच्या तालुक्याच्या मिस्त्रीनं आधी बंपरची जाळी काढली. या गाडीला गिअर ऑइलचा कूलर वेगळा आहे, रेडिएटरच्या पुढं. त्याच्या पापुद्र्यांत रुई आणि माती अशी बसलेली, जशी जुन्या गादीची खोळ. वर पंख्याचा रिले, म्हणजे पंखा चालू करणारा स्विच, गेलेला. गाडी उभी करून स्कॅनर लावला, तापमान चढतच गेलं, 118 डिग्रीला त्यानं इंजिन बंद केलं. मग नट खोलला. ऑइल तपकिरी, जळका वास. खालच्या पॅनचं पॅकिंग कंपनीचंच, कधी निघालेलंच नव्हतं. रिले 320, ऑइल चार लिटर 3,600, चाळणी-पॅकिंग 1,450, मजुरी 1,200. एकूण 6,570. कूलर त्यानं हलक्या पाण्यानं मागून पुढं धुतला. वॉशिंगवाल्याचं प्रेशर मारू नका, पापुद्रे वाकतात. आणि ऑइल कंपनीनं सांगितलेलंच टाका, 'सगळ्याले चालते' म्हणणाऱ्याचं नाही.

आता ठाणं. "पैसे तुम्हीच टाकले न? मग चोरी कुठं झाली?" मी म्हटलं, चारसोबीस लावा. हवालदार म्हणे, "ते गेलं, आता न्याय संहितेचं 318 आहे." तेवढीच काय ती मदत. पुढं, गॅरेज आमच्या हद्दीत नाही. त्या हद्दीत गेलो तर तुम्ही राहता कुठं? साहेब बंदोबस्तात. साहेब जेवायला. तिसऱ्या खेपेला साहेब भेटले आणि म्हणाले, हा व्यवहाराचा वाद आहे, आपसात मिटवा. मिटवायला तो फोन उचलतो कुठं? हद्द कोणतीही असो, तक्रार घ्यावी लागते, नव्या नागरिक सुरक्षा संहितेत कलम 173 मध्ये लिहिलंय. हे सांगितलं तर, "वकील आहे का तू?" नाही घेतली तर एसपींना पोस्टानं पाठवता येते, तशी मी पाठवली. पोचपावती आली, माणूस नाही आला. एका कार्यालयात बाबूनं कच्चं बिल दोन बोटांत धरून परत केलं, जसं काही ते मीच ऑइलमध्ये बुडवून आणलं. चार चकरा, चार रोज बुडाले.

ग्राहक आयोगात मात्र 2019 च्या कायद्यानं आपण राहतो तिथंच तक्रार करता येते, दोन वर्षांच्या आत. पाच लाखांपर्यंत फी नाही, वकीलही लागत नाही. पैसे गेल्याचा फोनवरचा स्क्रीनशॉट मात्र जपा. माझ्याकडं तेवढाच कागद धड आहे. अर्ज लिहून तयार आहे, या आठवड्यात टाकतो.

पन्नी गाडीतच आहे. गावच्या लेथवाल्याला दाखवली. त्यानं चिमटीत एक गुंडाळी धरली, उजेडात फिरवली आणि म्हणाला, "हा पंपाच्या शाफ्टचा कीस आहे, काका. आमच्याकडं पोतंभर पडला आहे. फुकट."