मॅच डायऑप्टर आणि आयरिस: १० मीटर एअर रायफलवर अख्खा पावसाळा काढल्यानंतर

सेटअप असा आहे: हवेच्या सिलिंडरवर चालणारी १० मीटरची मॅच एअर रायफल, मागे क्लिकवाला डायऑप्टर (बारीक भोकातून नेम धरायची साइट, नॉबच्या एकेका क्लिकने सरकणारी), त्यात ०.५ ते ३ मिमी उघडझाप होणारी आयरिस (भोक लहानमोठं करणारी पाती), पुढे २२ मिमीचं टनेल (पुढच्या साइटची नळी) आणि त्यात लहानमोठी करता येणारी रिंग, जिच्यात टार्गेटचा काळा गोल धरायचा. मे महिन्यात बसवलेलं हे सामान मुंबईचा पावसाळा आणि नंतरची थंडी धरून रोजच्या सरावाला वापरात आहे. निकाल आधीच सांगून टाकतो. पैसे वसूल झाले ते मागच्या साइटच्या क्लिकमध्ये. आयरिसमध्ये निम्मे झाले, रंगीत फिल्टरमध्ये काहीच नाही. कंपनीचं नाव मुद्दाम टाळलंय, कारण पुढे सांगितलेले दोष या एकाच नगातले असू शकतात.

आधी दुर्बिणीचा प्रश्न निकालात काढू. स्कोप लावला तर अचूक लागेल ना, असं दर दुसरा नवा शूटर विचारतो. आयएसएसएफच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या, नियमात रायफलवर भिंग चालतच नाही, ना दुर्बीण ना नंबरची काच. चष्मा शूटरच्या डोळ्यावर असला तर चालतो. पण नियम बाजूला ठेवला तरी १० मीटरवर साधा स्कोप हे चुकीचं हत्यार आहे. पाव एमओएच्या (एमओए म्हणजे अंशाचा साठावा भाग) स्कोपचा एक क्लिक १० मीटरवर ०.७३ मिमी सरकतो, चांगल्या डायऑप्टरचा त्याच्या एक तृतीयांश. दुसरी अडचण पॅरलॅक्सची, म्हणजे डोळा हलला की नेमही सरकलेला दिसण्याची. ३-९×४० सारखे बरेच स्कोप १०० यार्डांना, म्हणजे सुमारे ९१ मीटरला पॅरलॅक्स लावून येतात. १० मीटरवर त्यातून पाहताना डोळा मध्यापासून पार कडेला गेला, तर नेम १७-१८ मिमीपर्यंत चुकू शकतो. टार्गेटचा काळा गोलच मुळी ३०.५ मिमीचा. परसात स्प्रिंगच्या बंदुकीने डबे पाडायचे असतील तर स्कोप जरूर घ्या, पण पुढच्या रिंगवर अंतर लावता येणारा आणि ‘स्प्रिंगर चालेल’ असं स्पष्ट लिहिलेला. स्प्रिंगची रायफल आधी मागे आणि लगेच पुढे झटका देते. साध्या स्कोपच्या आतले भाग तो उलटा झटका सहन करत नाहीत, आणि माउंटही (स्कोप धरणारी पकड) रेल्वरून, म्हणजे रायफलीवरच्या खाचेवरून, सरकत जातो.

आता क्लिक. १० मीटरच्या टार्गेटवर दहाचा ठिपका ०.५ मिमीचा आणि पेलेट (छर्रा, म्हणजे इथली गोळी) ४.५ मिमीचं. पेलेटचा मध्य टार्गेटच्या मध्यापासून २.५ मिमीच्या आत असला की दहा मिळतात आणि १०.० ते १०.९ मधला प्रत्येक दशांश ०.२५ मिमीचा. मागच्या भोकापासून पुढच्या रिंगपर्यंतचं अंतर ७५ सेंमी धरा. १० मीटर म्हणजे त्याच्या साधारण १३ पट. मागचं भोक ०.०२ मिमी हललं की गोळी पाव मिमीहून थोडी जास्त सरकते. म्हणजे या साइटकडून एका क्लिकमागे केसाच्या जाडीहून कमी हालचाल हवी आहे, आणि तीसुद्धा दरवेळी तेवढीच. स्वस्त साइट नेमकी इथे आपटते. क्लिकचा आवाज छान येतो, पण आतला स्क्रू कधी जास्त जातो, कधी कमी.

हे तपासायला चौकोनाची चाचणी करा. रायफल टेकूवर ठेवून ५ गोळ्या मारा. ४० क्लिक उजवीकडे, ५ गोळ्या. ४० वर, ५ गोळ्या. ४० डावीकडे, ५. ४० खाली, ५. पाव मिमीच्या क्लिकला प्रत्येक बाजू १० मिमीची यायला हवी आणि शेवटचा ग्रुप (पाच गोळ्यांचा झुबका) पहिल्यावर जाऊन बसायला हवा. २० क्लिकने भागवू नका. सरक फक्त ५ मिमी होते, कागदावर भोकं एकमेकांत मिसळतात आणि काही मोजता येत नाही. या साइटचा चौकोन उभ्या बाजूंना बरोबर आला. आडव्या बाजूला परतीचा ग्रुप एका क्लिकने मागे राहिला.

हा एक क्लिक म्हणजे नॉबच्या आट्यांमधली ढील. दिशा बदलली की पहिला क्लिक हाताला जाणवतो, कानाला ऐकू येतो, पण साइट जागची हलत नाही. जुन्या साइटवर असे दोन-तीन क्लिकही जातात. उपाय एकच: कायम एकाच दिशेने पोचायचं. ४ क्लिक डावीकडे हवे असतील तर ८ डावीकडे जा आणि ४ उजवीकडे परत या. उजवीकडे जायचं असेल तर सरळ जा. एवढी सवय लागली की हा दोष जाणवत नाही, त्यामुळे मी यासाठी साइट नापास करणार नाही. तीन क्लिकची ढील असती तर परत पाठवली असती.

नॉबवरच्या खुणांनी मात्र पुष्कळ गोंधळ होतो. जर्मन साइटवर एच म्हणजे वर, टी म्हणजे खाली, एल डावं आणि आर उजवं. पण बऱ्याच साइटवर एचच्या बाणाचा अर्थ ‘गोळी वर लागली असेल तर इकडे फिरवा’ असा असतो, म्हणजे फिरवल्यावर गोळी खाली येते. काही साइटवर बरोबर उलट. पुस्तिका वाचत बसण्यापेक्षा १० क्लिक एका बाजूला फिरवून, गोळी मारून टार्गेटच्या मॉनिटरवर बघा आणि नॉबशेजारी पांढऱ्या पेनने स्वतःची खूण करा. स्पर्धेत तयारी आणि साइटिंगला (गुण न धरल्या जाणाऱ्या सुरुवातीच्या गोळ्यांना) मिळून १५ मिनिटं मिळतात, ती खुणांचे अर्थ लावण्यात घालवायची नसतात.

आयरिसचा मुख्य उपयोग म्हणजे भोक उजेडाप्रमाणे कमीजास्त करता येणं. बारीक भोकामुळे पुढची रिंग आणि टार्गेट दोन्ही पुरेसे स्वच्छ दिसतात, पण चित्र अंधारतं. बंद हॉलमध्ये १.१ ते १.३ मिमीच्या आसपास बहुतेकांचं जमतं. संध्याकाळी अर्धवट उजेडाच्या रेंजवर १.४-१.५ पर्यंत उघडावं लागतं. १.० च्या खाली गेलं की काळा गोल राखाडी दिसायला लागतो आणि डोळा ताणला जातो. चित्र जास्त कडक दिसतंय म्हणून आकडा कमी करत नेणं हा नव्या शूटरचा आवडता उद्योग. चाळिसाव्या गोळीनंतर त्याची किंमत कळते, कारण सामना ६० गोळ्यांचा असतो. डोळा भोकापासून ३ ते ५ सेंमीवर ठेवा. जवळ गेलात तर पापणी घासते, आणि लांब गेलात तर टनेलभोवतीची कड असमान दिसते.

आयरिस घेताना दुकानदार सांगत नाही अशी एक चाचणी आहे. रायफल टेकूवर पक्की बसवा, नेम काळ्या गोलावर आणा, हात न लावता आयरिस १.०, १.३, १.६ अशी उघडत जा. रिंगमधला काळा गोल जागेवरच राहिला पाहिजे. पाती नीट मध्यावर मिटत नसतील तर आकडा बदलल्याबरोबर गोल बाजूला सरकतो, म्हणजे उजेड बदलला की झीरोही (गोळी मध्यावर लागेल अशी साइटची जागा) बदलला. या आयरिसमध्ये १.० ते १.५ पर्यंत काही सरकत नाही, २ मिमीच्या पुढे किंचित सरकतो. तिथे कोणी नेम धरत नाही, म्हणून चालेल.

चष्मेवाल्यांसाठी थोडं. लांबचा नंबर जसाच्या तसा लावला तर टार्गेट कडक आणि रिंग पुसट दिसते. हवं ते उलट. रिंग डोळ्यापासून सुमारे ८० सेंमीवर असते, म्हणून लांबच्या नंबरात +०.५० मिळवून बघा. चाळिशीनंतर +०.७५ लागू शकतो. शिवाय गाल चीकपीसवर (दस्त्याच्या गाल टेकायच्या भागावर) टेकला की आपण साध्या चष्म्याच्या कोपऱ्यातून बघतो आणि तिथे नंबर बिघडलेला असतो. शूटिंगच्या फ्रेममध्ये काच नजरेला काटकोनात फिरवता येते. डोळ्याला नंबर असेल तर महागड्या आयरिसच्या आधी ही फ्रेम घ्या.

पुढच्या रिंगचा आकार अंदाजाने निवडू नका, गणित सोपं आहे. ३०.५ मिमीचा गोल १० मीटरवर, रिंग डोळ्यापासून ८० सेंमीवर, म्हणजे रिंगच्या जागी तो गोल २.४४ मिमीचा दिसतो. ३.८ ची रिंग लावली तर सगळीकडून जवळपास ०.७ मिमी पांढरं उरतं. ३.२ लावली तर जेमतेम ०.४ मिमी. बारीक रिंगेत थरथर जास्त दिसते, मग शूटर ती थांबायची वाट बघत बसतो, ट्रिगर लांबतो, आणि सात-आठ सेकंदांनंतर डोळा समोरचं नाही तर मघाचं चित्र दाखवायला लागतो. नव्यांनी ४.० ते ४.२ पासून सुरू करावं. काळा गोल मोठ्या पांढऱ्या पट्ट्यात मध्यावर आहे की नाही हे डोळ्याला आपोआप कळतं, त्यासाठी पट्टा बारीक लागत नाही. कमीजास्त होणाऱ्या रिंगेचा फायदा असा की एकाच बैठकीत ३.६ आणि ४.२ ताडून बघता येतात. एकदा आकार ठरला की साधं पारदर्शक इन्सर्ट (एकाच मापाची, टनेलमध्ये बसवायची रिंग) तेवढंच काम करतं, वजनालाही हलकं, फक्त ओरखड्यांना जपायचं. इथल्या फिरत्या रिंगेचा कॉलर चार-पाच महिन्यांत सैल झाला आणि केसमधून रायफल काढताना आकडा आपोआप बदलायला लागला. आता टेफ्लॉन टेपचा एक वेढा दिलाय.

टनेलमधल्या स्पिरिट लेव्हलची (कल दाखवणाऱ्या बुडबुड्याची) मात्र मनापासून शिफारस. १७० मीटर प्रतिसेकंदाच्या आसपास जाणारं पेलेट १० मीटरवर पोचेपर्यंत सुमारे १७ मिमी खाली येतं. रायफल एक अंश कलली की त्यातले ०.३ मिमी बाजूला जातात, एका दशांशाहून जास्त. उभं राहून मारताना तीन-चार अंशांचा फरक कळतसुद्धा नाही, आणि मग ग्रुप आडवा पसरला की लोक पेलेटची बॅच बदलतात. सतत थोडी कललेली रायफल चालते. कधी एक अंश, कधी चार, हे चालत नाही.

साइटखाली उंची वाढवणारे ब्लॉक लावणार असाल तर पुढे-मागे सारख्या उंचीचे घ्या. १ मिमीचा फरक टार्गेटवर १३ मिमी होतो. ५० हून जास्त क्लिक त्यातच खर्च होतात.

पावसाळ्याने जे केलं ते अपेक्षित होतं. साइटचं शरीर ॲल्युमिनियमचं, त्याला काही झालं नाही. गंजले ते रेल्वर आवळायचे स्टीलचे स्क्रू, घाम आणि दमट केस मिळून. आठवड्यातून एकदा बोटभर तेल लावलेल्या फडक्याने पुसलं की पुरतं. तेल नॉबमध्ये किंवा आयरिसमध्ये अजिबात सोडू नका. धूळ धरते आणि पाती चिकटतात. केसमध्ये सिलिका जेलची पिशवी ठेवा, रंग बदलला की गरम करून पुन्हा वापरा. फिल्टरच्या काचेवर बुरशीचे ठिपके आले, ते बारीक भोकाआड राखाडी डाग होऊन दिसत होते. आयरिसमध्ये तंतू अडकला तर हातपंपाने हवा मारा. टाचणी घालू नका, पाती कागदासारखी वाकतात.

आणि ते स्क्रू. गोळ्या अचानक इकडेतिकडे जायला लागल्या तर नॉबला हात लावण्याआधी ॲलन की काढा. साइट रेल्वर सैल होते ती हळूहळू, म्हणून लक्षात येत नाही. साइट आणि रेल् यांच्यावरून पेंटपेनने एक बारीक रेघ ओढून ठेवा. रेघ तुटलेली दिसली की कारण सापडलं.

फिल्टरबद्दल लांबण लावत नाही. पिवळा ढगाळ उजेडात उठाव देतो, पोलरायझर उघड्या रेंजवरचा झगझगाट कमी करतो. पण बंद हॉलमध्ये एलईडीच्या सारख्या प्रकाशात पाच रंगांपैकी एकही लागला नाही. फिल्टरशिवायची आयरिस बरीच स्वस्त पडते, ती घ्या. दुसरा डोळा मिटण्यापेक्षा साइटवर पांढरट झापड लावा, उंची ३० मिमीपेक्षा जास्त नको आणि भोकाच्या मध्यापासून १०० मिमीच्या आत. दीडपट भिंगाच्या आयरिसही बाजारात दिसतात. इक्विपमेंट कंट्रोलला (स्पर्धेतल्या सामानाच्या तपासणीला) त्या अडवल्या जातात.

ओपन (खाचेच्या) साइटवरून पीप साइटवर, म्हणजे अशा भोकाच्या साइटवर, येणाऱ्यांनी एवढं सगळं एकदम घेऊ नये. फाइनवर्कबाऊ, वॉल्थर, अनशुट्झ यांच्या मॅच रायफलींबरोबर येणारा डायऑप्टर सुरुवातीला पुरेसा असतो. त्याच्या ठरावीक भोकाच्या जागी आयरिस आणि पुढे योग्य रिंग, एवढं पहिलं वर्ष काढतं. मागवण्याआधी तीन मापं बघा: रेल् ११ मिमीची आहे ना, आयरिसचा आटा ९.५ मिमी जर्मन मापाचा आहे ना, आणि पुढचं टनेल १८ चं की २२ चं. १८ चं इन्सर्ट २२ च्या टनेलमध्ये बसत नाही, आणि परतीचा कुरिअर खर्च इन्सर्टच्या किमतीच्या वर जातो. सेकंडहँड साइट घेताना दोन्ही नॉब या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवून बघा. मध्यावर क्लिक गुळगुळीत आणि टोकांना कडक लागले तर वापर सगळा मध्यावरच झालाय, आणि तुमचा झीरोही तिथेच येणार आहे. अशी साइट सोडून द्या.