रोबोच्या सांध्याला गिअर की टायमिंग बेल्ट?

जागा कमी असेल तर गिअर (दातेरी चाक). थ्रीडी प्रिंट केलेल्या गिअरचा दात मुळाशीच तुटतो, म्हणून मॉड्यूल (दाताच्या आकाराचं माप) १ ऐवजी १.५ घ्या, रुंदी १० मिमी ठेवा. प्रिंट करताना गिअर आडवाच ठेवा; उभा केला तर काही दात थरांच्या जोडावरच सुटतात. ठाण्याच्या पावसाळ्यात नायलॉन ओल शोषून किंचित फुगतं, तेव्हा दातांत ०.२ मिमी फट सोडाच.

झटके बसणाऱ्या सांध्याला मात्र टायमिंग बेल्टच (आतून दाते असलेला पट्टा) बरा, तो धक्का पचवतो. निदान ६ दात पुलीत (बेल्ट ज्यावर फिरतो त्या चाकात) अडकलेले हवेत, नाहीतर बेल्ट दात सोडून उडी मारतो. बेल्टच्या ताणामुळे शाफ्ट (चाक बसतं तो दांडा) वाकतो, म्हणून पुली बेअरिंगला अगदी लागून बसवा.

दोन्हींत खरा दगा ग्रब स्क्रूचा (गिअर किंवा पुली शाफ्टवर आवळणारा बिनडोक्याचा छोटा स्क्रू). गोल शाफ्टवर तो घसरतो. धातूचा कीस आत जाऊ नये म्हणून मोटर झाकून घ्या, कानशीने शाफ्टवर सपाट जागा करा आणि स्क्रूच्या आट्यांना थ्रेडलॉकरचा (स्क्रू सैल होऊ न देणारा द्रव) एक थेंब लावा. प्लॅस्टिकला तो लागू देऊ नका, तडे जातात.