हवा भरायचं मशीन: यंत्र उत्तम, नळीचं तोंड भिकार

‘साहेब, मशीन चालू आहे ना? मग नळी वॉरंटीत येत नाही.’ सर्व्हिस सेंटरमधून हे उत्तर आलं आणि मी हा अनुभव लिहायला बसलो.

बारा व्होल्टच्या सॉकेटवर चालणारं, टायरमध्ये हवा भरायचं हे मशीन मी दिवाळीच्या आधी घेतलं, अडीच हजारांच्या आसपास. तेव्हापासून मित्रांबरोबरच्या प्रत्येक लांबच्या प्रवासात ते गाडीत आहे. कोकण झालं, गोवा झालं, सोलापूर-विजयपूरमार्गे हंपी झालं. डिजिटल आकडा, ठरवलेल्या दाबावर आपोआप बंद होणं, पुढे छोटा टॉर्च, हे सगळं खोक्यावर लिहिलेलं असतं, त्यात मी शिरत नाही.

आधी चांगलं सांगतो, कारण चांगलं खरंच खूप आहे. आमची गाडी सीएनजीवरची हॅचबॅक. अर्धी डिकी टाकीने खाल्लेली, उरलेल्या जागेत पाच जणांच्या बॅगा, सतरंजी, पाण्याचा कॅन आणि कुणाच्या तरी आईने दिलेला लाडवांचा डबा. सामानाची यादी करताना आम्ही चार्जरपासून ओडोमॉसपर्यंत सगळं आठवतो, पण हे सगळं ओझं ज्या चार टायरांवर पडणार त्यांच्याकडे कोणी बघत नाही. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर कंपनीचा स्टिकर असतो. आमच्या गाडीला एरवी ३३ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) आणि गाडी भरलेली असेल तर मागे ३६, असं त्यावर स्पष्ट छापलंय. पाच माणसं आणि भरलेली डिकी घेऊन ३० वर घाट उतरणारी गाडी वळणावर कशी अंग टाकते, हे मागे बसलेल्याला विचारा.

आणि हा दाब टायर गार असतानाच बघायचा असतो. तासभर महामार्गावर पळालेल्या टायरचा दाब तीन-चार पीएसआयने चढतो. पंपावर थांबून ३३ दिसले म्हणून निघालात, तर सकाळी तोच टायर ३० वर असतो. शिवाय पंपावर हवा फुकट असली तरी पहाटे मशीनपाशी माणूस नसतो, आणि दोन पंपांचे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत. आता निघायच्या दिवशी पहाटे पार्किंगमध्येच चारही टायर बघतो. तीन-चार पीएसआय वाढवायला दीड-दोन मिनिटं लागतात. आवाज मात्र मोठा आहे, खालच्या मजल्यावरचे काका एकदा गॅलरीत आले होते. नायट्रोजनचं विचाराल तर साध्या हवेतच ७८ टक्के नायट्रोजन असतो. त्यासाठी दर टायरला वेगळे पैसे मोजणं मी कधीच बंद केलं आणि टायरांचं काही बिघडलेलं नाही.

या मशीनचे पैसे वसूल झाले ते दाजीपूरला. राधानगरी मागे टाकून फोंडा घाटाकडे निघालो होतो, रात्रीची वेळ, दोन्ही बाजूंना जंगल, गव्यांचा रस्ता. मागचा डावा टायर बसायला लागल्याचं चालवणाऱ्याला जाणवलं. बॅटरी मारून बघितलं तर रबरात स्क्रू रुतलेला, आकडा १९. स्टेपनी काढायची तर आधी सगळ्या बॅगा काळोखात रस्त्यावर. आमच्यातला एक पक्कड घेऊन स्क्रू उपटायला वाकला, त्याला थांबवलं. हवा हळू जात असेल तर रुतलेली वस्तू तशीच ठेवायची, तीच बुचाचं काम करत असते. इंजिन चालू ठेवून ३५ पर्यंत हवा भरली, घाट उतरून फोंड्यात पुन्हा बघितली, दोन पीएसआय गेले होते, तेवढे भरले आणि कणकवली गाठली. सकाळी पंक्चरवाल्याने स्क्रू काढला, वात (भोकात कोंबायची चिकट रबरी पट्टी) घातली, दीडशे रुपये घेतले. त्या रात्री पाच जणांना जंगलात ताटकळावं लागलं नाही, याचं मोल अडीच हजारांहून जास्त आहे.

आता नळीच्या तोंडाकडे येतो. माझं सगळं भांडण तिथेच आहे.

नळीच्या टोकाला पितळी आट्यांची टोपी आहे. ती व्हॉल्व्हवर फिरवत बसवायची, काढताना उलटी फिरवायची. कागदावर हे फार पक्कं वाटतं. प्रत्यक्षात गाडीला स्टीलची रिम आणि वर प्लास्टिकचं व्हीलकव्हर असेल तर व्हॉल्व्ह त्या कव्हरच्या खाचेत बसलेला असतो. बोटं खाचेत घालून टोपी एका वेळी जेमतेम पाव वेढा फिरते. बसवताना अर्ध्यावरच व्हॉल्व्हची पिन दबते आणि हवा बाहेर यायला लागते. काढताना तर त्याहून वाईट. आटे सुटेपर्यंत फुस्स चालूच, आणि एखादा पीएसआय सहज जातो. म्हणून मी ३६ हवे असतील तर ३७ लावतो. ज्या मशीनने नेमका दाब द्यायचा, त्याला अंदाजाने एक वाढवून सांगावं लागतं. मला हे सहन होत नाही.

दुसरं म्हणजे उष्णता. हवा दाबली की तापते आणि ती थेट या पितळेतून जाते. पूर्ण रिकामा टायर भरायला सहा-सात मिनिटं लागतात, तेवढ्यात टोपीला हात लावता येत नाही. हंपीच्या वाटेवर, भर एप्रिलच्या दुपारी, मी ती जुन्या रुमालात धरून सोडवली. रुमाल खाचेत शिरेना, हवा जात राहिली, आणि भरलेल्यातली तीन पीएसआय पुन्हा भरावी लागली.

शेवटी आटे झिजले. आकडा २४ वर जाऊन अडायचा, मशीन घरघर करत राहायचं आणि टोपीच्या कडेने हवा निसटायची. शाम्पूची एक रुपयाची पुडी पाण्यात कालवून ओतली, बुडबुडे तिथेच. म्हणून सर्व्हिस सेंटरला फोन, मग मेल, मग फोटो. दर वेळी तेच उत्तर: नळी झिजणारा भाग आहे, वॉरंटी मोटरची. वॉरंटी कार्डावर असा फरक कुठेही छापलेला नाही. मी कार्डाचा फोटो जोडून राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवली. वर्षभराची वॉरंटी असलेल्या वस्तूसाठी चारशे रुपयांची नळी विकत घ्यायची माझी तयारी नव्हती आणि नाही.

इथवर लिहून ठेवलं होतं, आणि हे मशीन घेऊ नका असंच म्हणणार होतो. मधल्या काळात दोन गोष्टी घडल्या.

एका मित्राने मशीन पुण्याच्या नाना पेठेत, गाड्यांच्या सुट्या भागांच्या बाजारात नेलं. तिथल्या दुकानदाराने टोपीच्या मागून नळी कापली आणि खटक्याची क्लिप बसवली, पंपावरच्या नळीला असते तशी, वर एक क्लॅम्प आवळला. खर्च नव्वद रुपये. आता व्हॉल्व्हवर दाबायचं, खटका पाडायचा, भरून झालं की खटका उचलायचा. फुस्स होतं, पण क्षणभर. काढल्यावर वेगळ्या गेजने मोजलं, ३६ लावले तर ३६च. खटका पत्र्याचा, वर प्लास्टिकचं वेष्टण, त्यामुळे हात भाजत नाही. मालवणला जाताना मी मुद्दाम चारही टायरांची हवा बघितली, नुसत्या त्या खटक्याच्या समाधानासाठी.

मग कंपनीची नवी नळी घरपोच आली, पैसे न घेता. तक्रारीचा उपयोग झाला, हे नोंदवायलाच हवं. पण तोंड तेच, आट्यांचं. नव्वद रुपयांत जे नाना पेठेत होतं ते कारखान्यात का होत नाही, हा माझा प्रश्न कायम आहे. मशीनबद्दलचं मत मात्र बदललं. मोटर दणकट आहे, आकडा खरा आहे, वायर मागच्या उजव्या टायरपर्यंत पुरते. घ्या, आणि घेतल्या घेतल्या तोंड बदलून घ्या. फक्त नळी कापली की तिच्यावरचा वॉरंटीचा हक्क जातो, म्हणून आधी दुकानदाराकडे नळी न कापता टोपीच्या आट्यांत बसणारं क्लिपचं अॅडॉप्टर मिळतंय का ते विचारा.

मशीन आलं म्हणून स्टेपनी घरी ठेवू नका. २०२० साली केंद्राने नियम बदलला. ट्यूबलेस टायर, दुरुस्तीचं किट आणि टायरचा दाब दाखवणारी यंत्रणा असेल तर आता गाडीत स्टेपनी नसली तरी चालते. पण खड्ड्याच्या कडेने टायरची बाजू फाटली तर ना वात टिकते ना हवा. रिमवरून सुटलेला टायरही हे छोटं मशीन पुन्हा बसवू शकत नाही. कोकणातल्या रस्त्यांवर बाजू फाटणं काही दुर्मीळ नाही.

मित्राकडे बॅटरीवरचं, बिनवायरचं मशीन आहे. दिसायला सुबक, पण हंपीला निघताना ते चार्ज केलेलं नव्हतं, आणि उन्हात तापलेल्या डिकीत लिथियमची बॅटरी महिनोन्महिने ठेवणं मला पटत नाही. वायरचं मशीन गाडी चालू असेपर्यंत चालतं.

आमचं मशीन आता डिकीत नसतं, पुढच्या डाव्या सीटखाली असतं. त्याच पिशवीत वाती, त्या घालायची सुई, कानस, पक्कड, हातमोजे, शाम्पूच्या दोन पुड्या, डोक्याला लावायची बॅटरी आणि दोन जादा फ्यूज. फ्यूज विसरू नका. मशीन दहा अँपिअरच्या आसपास ओढतं. त्याच सॉकेटमध्ये दुहेरी पिन लावून कोणी मोबाइलही चार्जिंगला लावला तर सॉकेटचा फ्यूज उडू शकतो, आणि मग मशीन, मोबाइल दोन्ही बंद. हवा भरताना सॉकेटमध्ये दुसरं काही लावायचं नाही, एवढा एक नियम आम्ही पाचही जण पाळतो.