आठ महिने फोन गिअरशेजारी चिकटवून: गाडीच्या थरथरीचा माग काढणारं अ‍ॅप, वापरानंतरचा अनुभव

आठ महिन्यांपूर्वी फोनवर फायफॉक्स टाकलं. जर्मनीतल्या आखेनच्या तंत्र विद्यापीठाने शाळा-कॉलेजातल्या प्रयोगांसाठी बनवलेलं हे अ‍ॅप २०१६ पासून फुकट मिळतं. फोनमधल्या अ‍ॅक्सेलरोमीटरने टिपलेल्या हादऱ्यांतून ते वेगवेगळ्या फ्रिक्वेन्सी, म्हणजे सेकंदाला किती हादरे हे, सुट्या करून आलेखावर मांडतं. गाडीवाल्यांसाठी ते बनवलेलंच नाही. तरी माझ्या गाडीतली थरथर पकडली ती त्यानेच, म्हणजे त्याने आणि माझ्या डाव्या पायाने मिळून.

गाडी सहा गिअरची मॅन्युअल, टर्बो पेट्रोल, ताकद मागच्या चाकांना. शंभर ओलांडले की सीटखाली बारीक थरथर सुरू व्हायची, ११० ला सगळ्यात जास्त, १२० नंतर पुन्हा विरळ. स्टिअरिंग मात्र शांत. चाकं दोनदा बॅलन्स केली, मग मित्राच्या गाडीची चारही चाकं लावून पाहिली. फरक शून्य. शेवटी एका वर्कशॉपने निकाल दिला: ड्युअल मास फ्लायव्हील (इंजिनाचे झटके गिळणारी, क्लचला लागून असलेली जड चकती) गेलंय, क्लचसकट बदला. खर्चाचा आकडा ऐकून घरी आलो आणि ठरवलं, आधी मोजून तरी बघू.

मोजायच्या आधी गणित करावं लागतं, नाहीतर आलेखावरचे डोंगर नुसते बघत बसायचं. माझ्या टायरचा एक फेरा साधारण १.९५ मीटरचा. ११० च्या वेगाला चाक सेकंदाला १५.७ वेळा फिरतं, म्हणजे चाक, टायर, ब्रेक डिस्क, हाफ शाफ्ट (चाकाला फिरवणारा दांडा) यातलं काहीही बिघडलं तर शिखर १५.७ हर्ट्‌झला दिसणार. डिफचं (मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरच्या डब्याचं) गुणोत्तर ३.४६, म्हणून प्रॉपेलर शाफ्ट, म्हणजे गिअरबॉक्सपासून डिफपर्यंतचा लांब दांडा, ५४ हर्ट्‌झने फिरतो. इंजिनाचं मात्र गिअरवर अवलंबून. सहाव्यात सुमारे २७५० आरपीएम, म्हणजे ४६ हर्ट्‌झ. चौथ्यात ४०००, म्हणजे ६७. वेग तोच ठेवून गिअर बदलला आणि शिखर जागचं हललं नाही, तर इंजिन, फ्लायव्हील, क्लच तिघेही सुटले.

आणि इथेच मी पहिली माती खाल्ली. पहिलं रेकॉर्डिंग पाचव्या गिअरमध्ये केलं. माझ्या गाडीत पाचवा म्हणजे १:१. त्या गिअरमध्ये इंजिन आणि प्रॉपेलर शाफ्ट एकाच वेगाने फिरतात, दोघांचंही शिखर ५४ ला. मी ओबीडी डाँगलवर (गाडीच्या संगणकाला जोडायचं छोटं यंत्र) ३२५० आरपीएम वाचलं, ६० ने भागलं, ५४ आलं आणि ‘बरोबर, फ्लायव्हीलच’ म्हणून मोकळा झालो. क्लचची ऑर्डर द्यायची तेवढी बाकी राहिली होती. दोन दिवसांनी आंघोळ करताना डोक्यात उजेड पडला. तुमच्या गाडीत १:१ चौथा असेल किंवा पाचवा, तो आधी शोधा आणि चाचणी त्यात करू नका.

मग सहाव्यात, चौथ्यात पुन्हा फेरी. शिखर ५४ वरच ठाण मांडून. शेवटी मोकळ्या सरळ रस्त्यावर ११० ला क्लच दाबला, इंजिन आयडलला आलं, गाडी नुसती घरंगळत राहिली. थरथर तशीच. शिखर वेगाबरोबर खाली उतरत गेलं, पण गेलं नाही. उभ्या गाडीत न्यूट्रलला ३२५० पर्यंत रेस केली तर काहीच नाही. खरं सांगायचं तर क्लच दाबायची आणि उभ्याने रेस करायची ही परीक्षा फोनशिवायही होते; फोनने त्यावर आकडा लावला एवढंच. आणि हो, फोन सांभाळायला शेजारी माणूस हवा. चालवता चालवता आलेख बघायचा नाही.

फोन कुठे ठेवता यावर सगळं आहे. सुरुवातीला काचेवरच्या होल्डरमध्ये ठेवला होता, तर २३ हर्ट्‌झला एक भलं मोठं शिखर, कुठल्याही वेगाला तिथेच. ती होल्डरची स्वतःची डुगडुग होती. नंतर गिअर लिव्हरशेजारी, कार्पेटखालच्या उघड्या पत्र्यावर दुहेरी टेपने घट्ट चिकटवला आणि आलेख एकदम स्वच्छ झाला. वेगही काटेकोर धरावा लागतो. ताशी एका किलोमीटरचा फरक पडला तरी शाफ्टचं शिखर अर्धा हर्ट्‌झ सरकतं, आणि रेकॉर्डिंगभर वेग डोलत राहिला तर टोकदार शिखराचा पसरट ढिगारा होतो. क्रूझ कंट्रोल असेल तर लावा.

एक भूत मात्र महिनाभर छळत होतं. ९२ हर्ट्‌झला छोटं शिखर, आणि गाडीचा वेग वाढवला की ते खाली यायचं. ११५ ला ८७! यंत्रात अशी उलटी चाल कोण करतं? उत्तर फोनमध्ये होतं. माझा फोन सेकंदाला २०० वेळा वाचन घेतो, त्यामुळे १०० हर्ट्‌झच्या वरचं काही त्याला खरं दिसत नाही. ते आरशातल्यासारखं परतून खाली दिसतं. २०० मधून ९२ वजा केले तर १०८, म्हणजे शाफ्टच्या बरोबर दुप्पट. एका फेऱ्याला दोन हादरे ही युनिव्हर्सल जॉइंटची, म्हणजे शाफ्टचे तुकडे कोनात जोडणाऱ्या सांध्याची, सही आहे. तो कोनात फिरला की त्याच्या पलीकडचा शाफ्ट दर फेऱ्यात दोनदा वेग घेतो आणि दोनदा मंदावतो. अ‍ॅपची यात चूक नाही, पण आपल्या फोनचा वाचनाचा वेग किती हे माहीत नसेल तर फसगत ठरलेली.

एवढं हातात घेऊन दुसऱ्या मेकॅनिककडे गेलो. त्यांनी आलेखाकडे ढुंकूनही पाहिलं नाही, थेट गाडी लिफ्टवर घेतली आणि शाफ्ट मधोमध धरून हलवला. शाफ्टला मध्ये आधार देणाऱ्या सेंटर बेअरिंगचं रबर अर्ध्या गोलात फाटलेलं. शाफ्ट तिथे लोंबत होता, म्हणून मधल्या जॉइंटचा कोन वाढलेला. नवीन बेअरिंग टाकलं, ९२ चं भूत जवळजवळ गायब. पण ५४ चं शिखर निम्म्या उंचीवरच आलं, आलेखावर ०.६ वरून ०.३.

पुन्हा लिफ्ट. यावेळी त्यांनी ब्रेक क्लीनरने शाफ्टचा सांधा पुसला, तर चिखलाखालून दोन पिवळे ठिपके निघाले, एक पुढच्या तुकड्यावर, एक मागच्या. समोरासमोर असायला हवे होते. पाव फेरा लांब होते. दोन तुकड्यांचा शाफ्ट जोडलेल्या अवस्थेत बॅलन्स केलेला असतो. मागे कधीतरी क्लचच्या कामात कुणीतरी तो सोडवला आणि खुणा न बघता स्प्लाइनमध्ये (खाचांच्या सांध्यात) परत घुसवला. ही किरकोळ बाब नव्हे: ४० मिलिमीटर त्रिज्येवर १० ग्रॅम जादा वजन असेल तर ५४ हर्ट्‌झला जवळपास ४६ न्यूटनचा, म्हणजे साडेचार किलोच्या वर, ओढा शाफ्टसोबत गरगरत राहतो. निम्म्या वेगाला तोच चौथाई. ठिपके जुळवले, शिखर ०.०८.

जाता जाता एक गैरसमज. बरेच जण सांगत होते, स्प्रिंग बदलून गाडी खाली बसवलीस म्हणून शाफ्टचा कोन बिघडला. मागचं सस्पेन्शन स्वतंत्र असलेल्या गाडीत डिफ बॉडीच्या बाजूला बांधलेला असतो, चाकांबरोबर वर-खाली होत नाही. स्प्रिंग बदलल्याने हाफ शाफ्टचे कोन बदलतात, प्रॉपेलर शाफ्टचे नाही. कडक माउंटिंग (यंत्रणा बॉडीला धरणारे टेकू) टाकली असतील तर गोष्ट वेगळी. तीही माझ्याकडे आहेत, आणि कमी आरपीएमला जोर दिला की येणारी घुमघुम त्यांचीच, असा माझा अंदाज आहे. ती मी सहन करतो.

अ‍ॅप कुठे तोकडं पडलं? गाडी उचलताना क्लच थरथरतो ते सेकंदभरात संपतं, तेवढ्यात धड रेकॉर्डिंग मिळत नाही. आयडलला गिअरबॉक्सची खडखड त्याला दिसतच नाही, तिथे कानच बरे. आणि ते कधीही पार्टचं नाव सांगत नाही. ५४ म्हणतं, कपलिंग, बेअरिंग की बॅलन्स, ते लिफ्टवर हात घालूनच कळतं.

तरी फोनवरून काढलेलं नाही. गाडी ठणठणीत असतानाचं एक रेकॉर्डिंग जपून ठेवलंय आणि महिन्याकाठी एकदा ताडून बघतो. मागच्या आठवड्यात १५.७ ला शिखर दुप्पट झालेलं दिसलं, सीटवर काहीच जाणवत नसताना. चाकं बघितली. मागच्या डाव्या रिमच्या आतल्या बाजूला, ब्रेकच्या काळ्या धुळीत, चाक बॅलन्स करायला चिकटवतात त्या वजनाच्या आकाराचा एक स्वच्छ चौकोन होता.