व्होरिकोनाझोल की अँफोटेरिसिन?

इंदूरला काकांच्या लिम्फोमाचे (लसिका ग्रंथींच्या कर्करोगाचे) केमो चालू असताना ताप उतरेना. सीटी स्कॅनमध्ये फुफ्फुसात गाठी दिसल्या, बुरशीचा संशय आला आणि घरात दोन औषधांची नावं घुमू लागली.

बुरशी अ‍ॅस्परजिलस असेल तर व्होरिकोनाझोल सरस. २००२च्या मोठ्या चाचणीत १२ आठवड्यांनंतर या औषधावरचे ७१ टक्के रुग्ण जिवंत होते, जुन्या साध्या अँफोटेरिसिनवरचे ५८ टक्के. शिवाय गोळी मिळते, म्हणजे घरी जाता येतं. फक्त ती जेवणाच्या तासभर आधी किंवा नंतर घ्यायची. सकाळी सातला पोहे-जिलबी मागणाऱ्या माणसाला हे समजावणं डॉक्टरांना नाही, काकूलाच जमलं! डोळ्यांपुढे रंग चमकतात, ऊन सोसत नाही, यकृतावर लक्ष ठेवावं लागतं. मोठी अडचण वेगळीच: केमोतलं व्हिन्क्रिस्टिन सोबत असेल तर ते शरीरात साचून मज्जातंतूंना इजा करतं. म्हणून चालू औषधांची पूर्ण यादी डॉक्टरांपुढे ठेवाच.

पण बुरशी म्युकर, म्हणजे ‘काळी बुरशी’, निघाली तर व्होरिकोनाझोल कुचकामी. तिथे अँफोटेरिसिनच हवं. २०२१मध्ये याच इंजेक्शनसाठी इंदूरभर झालेली धावपळ कोण विसरेल? सलाईनच्या पाण्यात ते चालत नाही, ग्लुकोजमध्येच मिसळतात. थंडी वाजते, पोटॅशियम घसरतं, मूत्रपिंडाला झळ लागते. लायपोसोमल प्रकारात, म्हणजे चरबीच्या सूक्ष्म कणांत गुंडाळलेल्या अँफोटेरिसिनमध्ये, हे कमी, पण खिसा रिकामा.

निदान होईपर्यंत मी तरी लायपोसोमलच्या बाजूने होतो. तपासणीत अ‍ॅस्परजिलस निघाला, आणि काका गोळ्यांवर घरी आले.