बिनपाटीचं गॅरेज आणि जिप्सीची गळती

कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरात, लेथच्या दुकानांमधल्या एका बोळात हे गॅरेज आहे. पाटी नाही. बाहेर कायम एखादी जुनी जिप्सी, महिंद्राची कमांडर नाहीतर टप काढलेली एमएम ५४० जीप उभी असते, तीच खूण. मालक स्वतःच मिस्त्री, साठीच्या पुढचे. हाताखाली दोन पोरं. ज्यांची गाडी नवी आहे, वॉरंटीत आहे, त्यांनी इथवर वाचलं तरी पुष्कळ झालं. जुनी फोर बाय फोर (चारही चाकांना जोर देणारी गाडी) असेल आणि रोज सकाळी खाली तेलाचा डाग दिसत असेल, तर मात्र पुढचं वाचा.

माझी जिप्सी किंग, एमजी ४१३ डब्ल्यू, २००६ ची, तेराशे सीसी. मारुतीने २०१९ साली जिप्सी बनवणं थांबवलं, तेव्हापासून घरातले सगळे मला ती विकून टाक म्हणून सांगतात. पण आमचं शेत राधानगरीच्या वर, दाजीपूरच्या अंगाला आहे. पावसाळ्यात शेवटचा टप्पा म्हणजे लाल चिखल आणि मध्ये एक ओढा. तिथं दुसरं काय जाणार? बोलेरो एकदा अडकली होती, ती ओढून काढली ते याच गाडीने.

गळती मागून होती. तालुक्याच्या गावी एका गॅरेजमध्ये ऑईल सील (फिरत्या शाफ्टभोवती तेल अडवणारी रबरी कडी) बदललं, महिन्याभरात पुन्हा तेच. दुसऱ्याने जोडावर बाहेरून सिलिकॉन थापलं आणि 'गळतंय तर दोन घोट जास्त असू दे' म्हणत तेल वरपर्यंत भरलं. त्यानंतर तर गळती वाढलीच. 'जुन्या गाडीला एवढं चालायचंच' हे वाक्य मला प्रत्येक ठिकाणी ऐकायला मिळालं, बिलासकट. गाडीचं पंधरा वर्षांनंतरचं पाच वर्षांचं पासिंग एकदा झालंय, दुसरं तोंडावर आहे. आरटीओच्या आवारात गाडी उभी करायची आणि खाली थारोळं, ही कल्पनाच नको वाटत होती.

या मिस्त्रींकडे गेले तेव्हा मी सरळ म्हटलं, "मामा, मागचं सील बदलून द्या." ते पान्याला हातसुद्धा न लावता खाली वाकले, बोटावर थेंब घेतला, चोळला, वास घेतला. "गिअर ऑईल हाय. इंजिनचं न्हवं. पन कुठनं येतंय ते आदी बघूया की, ताई. सील काय, कुनीबी बदलतंय."

गिअर ऑईलला गंधकाचा एक उग्र वास असतो, इंजिन ऑईलला तो नसतो. एवढ्या एका वासावर त्यांनी इंजिनच्या मागच्या सीलचा संशय काढून टाकला. ते सील गेलं असतं तर गिअरबॉक्स उतरवायचा खर्च होता. बेल हाऊसिंगच्या (इंजिन आणि गिअरबॉक्समधल्या कवचाच्या) खालचं भोकही कोरडं होतं, म्हणजे गिअरबॉक्सचं पुढचं सीलही ठीक.

मग सगळा खालचा भाग रॉकेलने आणि ब्रशने धुतला, हवा मारून वाळवला, आणि पोराने कोपऱ्यातला टाल्कम पावडरचा डबा आणला. मला वाटलं थट्टा चाललीय. ट्रान्सफर केसवर (गिअरबॉक्सची ताकद पुढच्या-मागच्या चाकांकडे वाटणारी पेटी), जोडांवर, तिन्ही फ्लँजांच्या (शाफ्ट जोडायच्या चकत्यांच्या) भोवती पावडर शिंपडली आणि गाडी कळंब्यापर्यंत फिरवून आणली. परत पिटवर घेतल्यावर पांढऱ्यावर ओल्या रेषा स्वच्छ दिसत होत्या. मागच्या फ्लँजपाशी तर होतीच. पुढच्या एक्सलकडे जाणाऱ्या फ्लँजपाशीही होती, जी आजवर कुणी पाहिलीच नव्हती. चालत्या गाडीत वारा तेल मागे नेतो, त्यामुळे सगळं तेल मागूनच येतंय असं वाटत राहतं. फ्लँजच्या बरोबर वर, गाडीच्या तळाला तेलाचा पट्टा उठला होता. ते म्हणाले, पट्टा असा आडवा उठला की समजायचं, तेल फिरणाऱ्या वस्तूवरून उडतंय, जोडातून पाझरत नाही. सिलिकॉनचा थर त्यांनी स्क्रू ड्रायव्हरने सालपटासारखा ओढून काढला. खालचा जोड कोरडा ठणठणीत होता.

ज्यांना जिप्सी माहीत नाही त्यांच्यासाठी: हिचा गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केस चिकटलेले नसतात. ट्रान्सफर केस वेगळा, तीन रबरांवर टांगलेला, आणि मध्ये एक छोटा शाफ्ट. म्हणजे गळायला जागा जास्त, पण ट्रान्सफर एकटा खाली उतरवताही येतो.

आता मुख्य गोष्ट. ट्रान्सफरच्या डोक्यावर एक ब्रीदर असतो, हवा आत-बाहेर व्हायला. आमचा चिखलाने पार बुजलेला. गाडी चालली की तेल तापतं, आतली हवा फुगते, तिला वाट मिळाली नाही की ती सीलच्या ओठांतून तेल बाहेर ढकलते. नवं सील घातलं तरी महिन्याभरात का गळतं, याचं निम्मं उत्तर तिथेच होतं. आणि उलटही होतं: तापलेला ट्रान्सफर ओढ्याच्या गार पाण्यात बुडाला की आतली हवा आकसते आणि त्याच सीलमधून पाणी ओढून घेते. ड्रेन प्लग काढला तेव्हा तेल चहात दूध जास्त झाल्यासारखं निघालं. मिस्त्री काही बोलले नाहीत, फक्त ते भांडं माझ्यासमोर धरलं. हो, ड्रेन उघडण्याआधी त्यांनी भरायचा बोल्ट सैल होतोय का ते पाहिलं. तेल काढून बसलात आणि वरचा बोल्ट गंजून बसलेला निघाला तर गाडी तिथेच अडकते.

उरलेलं निम्मं उत्तर फ्लँजमध्ये. सील ज्या गुळगुळीत गळ्यावर बसतं, तिथे इतक्या वर्षांत सीलच्या रबरी कडेने खाच पाडलेली. त्यांनी माझं नख त्यावरून फिरवायला लावलं. मागच्या फ्लँजला नख अडकत होतं, पुढच्याला नुसतं जाणवत होतं. अशा खाचेवर कितीही महागाचं सील घाला, तेल खाचेतून येणारच. पुढच्याला त्यांनी साधा उपाय केला: सील आधीच्या जागेपेक्षा दीडेक मिलिमीटर अलीकडे बसवलं, म्हणजे त्याची कड खाचेवर न येता न झिजलेल्या जागेवर आली. मागच्याला ते चालणार नव्हतं. नवी फ्लँज त्या दिवशी बाजारात मिळाली नाही. एसकेएफ कंपनीची पाव मिलिमीटरच्या आसपास जाडीची तयार स्लीव्ह, म्हणजे पातळ नळकांडं, मिळते, झिजलेल्या गळ्यावर ठोकून बसवायची. त्या मापाची तीही हाताशी नव्हती. मग फ्लँज समोरच्या लेथच्या दुकानात गेली.

आणि इथं उद्यमनगर कामाला आलं. गळा थोडा उतरवून त्यावर पोलादी स्लीव्ह दाबून बसवली, आणि पुन्हा मूळ मापाला ग्राइंड केली, म्हणजे सील मूळच्याच मापाचं लागेल. मी विचारलं, लेथवरच फिनिश करून का देत नाही, लवकर होईल. दुकानदाराने मला एक टर्न केलेला तुकडा उजेडात धरून दाखवला. टूल सरकताना पृष्ठभागावर बारीक आटे पडतात, डोळ्याला जेमतेम दिसतात, पण गळा फिरायला लागला की ते आटे तेल बाहेर पंप करतात. म्हणून शेवटचा हात ग्राइंडिंगचा, आणि तोही चाक आडवं न सरकवता सरळ आत नेऊन. इतकं मन लावून मला शाळेत कुणी भौतिकशास्त्र शिकवलं नव्हतं.

बाकीचं पटापट सांगते. शाफ्ट हाताने वर-खाली हलवून बेअरिंगमध्ये खेळ नाही याची खात्री केली. ट्रान्सफरची तिन्ही रबरं बदलली. एक तर फाटून ट्रान्सफर तिरका लोंबत होता. फ्लँज बसवताना नटाखालच्या वॉशरला आणि फ्लँजच्या आतल्या, शाफ्टवर अडकणाऱ्या दातेरी खाचांना सीलंटचा पातळ हात दिला, कारण तेल तिथूनही नटाकडे सरकतं आणि लोक सीलला शिव्या देतात. ब्रीदरला रबरी नळी जोडून ती वर इंजिनच्या मागच्या पत्र्यापर्यंत नेली, तोंड खाली वळवून. आता ओढा बोनेटला लागल्याशिवाय तिथं पाणी पोचत नाही.

तेलाबद्दल थोडा वाद झाला. मी घरून जीएल-५ दर्जाच्या गिअर ऑईलचा डबा नेला होता, तो जास्त चांगला असं कुणीतरी सांगितलेलं. त्यांनी तो डिफरन्शियलसाठी (एक्सलमधल्या गिअरपेटीसाठी) बाजूला ठेवला आणि गिअरबॉक्स-ट्रान्सफरला जीएल-४ घातलं. जीएल-५ मधला जास्तीचा गंधकाचा मसाला गिअरबॉक्समधल्या पितळी रिंगांना खातो, असं त्यांचं म्हणणं, आणि ते बरोबरच आहे. ट्रान्सफरमध्ये साधारण पाऊण लीटर जातं. सपाट जागेवर गाडी उभी करून, भरायच्या भोकातून थेंब बाहेर येईपर्यंत भरायचं आणि थांबायचं. दोन घोट जास्त वगैरे काही नाही.

बिल: मजुरी साडेतीन हजार, स्लीव्हचं काम नऊशे, सील, रबरं, तेल मिळून अडीच हजारांच्या वर थोडं. वहीच्या कागदावर लिहून दिलं. जुने सील आणि फाटलेलं रबर न मागता पिशवीत घालून दिलं, हे मला फार आवडलं.

काम वळवाच्या आधी केलं, आता दिवाळी झाली. पूर्ण पावसाळा ओढा पार केला, फोंडा घाट उतरून कोकणात जाऊन आले. गाडीखाली पुठ्ठा ठेवायची सवय मोडली नव्हती, तो कोराच राहिला. मध्ये एकदा तेल तपासलं, स्वच्छ होतं, दुधाळ नव्हतं.

आता तक्रारी. 'उद्या देतो' याचा अर्थ उद्या असा नसतो. माझी गाडी सांगितल्यापेक्षा बऱ्याच उशिरा मिळाली. फोन उचलत नाहीत. बसायला एक उलटा ठेवलेला ड्रम आहे, त्यावर पुसल्याशिवाय बसू नका. पक्कं बिल हवं असेल तर आधीच सांगा, नाहीतर कुरकुर होते. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सला ते हात लावत नाहीत आणि तसं तोंडावर सांगतात. माझ्या गाडीचा सायलेन्सरचा क्लँप मात्र बसवताना सैल राहिला, तो राधानगरीपर्यंत खडखडत आला आणि शेवटी मीच आवळला. त्यासाठी आणि उशिरासाठी अर्धा तारा कापते. पाचपैकी साडेचार.

सोमवारी बंद. सकाळी दहाच्या आत गेलात तर मिस्त्री स्वतः गाडी बघतात, नंतर गेलात तर पोरगं बघतं. गाडी धुऊन नेऊ नका. तेलाचे डाग जसेच्या तसे त्यांना बघायचे असतात.